नसलेल्या लढाईची तळटीप

गोव्यातल्या डिचोलीत कधीच न झालेली एक लढाई डिचोलीच्याच नावाने पाच वर्षांहून अधिक काळ जगभर वाचली गेली. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट', म्हणजे डिचोलीचा संघर्ष, या नावाचा लेख आला. १६४०-४१ साली गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात अघोषित युद्ध पेटले आणि ते तहाने मिटले, असे सांगणारा हा लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा होता. भाषा गंभीर, मांडणी नेटकी आणि खाली तळटिपांची रांग. सप्टेंबरमध्ये त्याला 'गुड आर्टिकल' हा दर्जाही मिळाला. तिथल्या शंभरातल्या एका लेखालाही तो मिळत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाच्या मनात पाल चुकचुकली आणि त्याने तळटिपांतली पुस्तके शोधायला घेतली. पुस्तके सापडेनात. सापडणार कुठून? ती कोणी लिहिलेलीच नव्हती. युद्ध खोटे, तह खोटा, संदर्भही खोटे. लेख काढून टाकला गेला. तोपर्यंत त्याच्या नकला इतर संकेतस्थळांवर पोहोचल्या होत्या आणि विकिपीडियाचा मजकूर छापून विकणाऱ्यांनी त्याचे पुस्तकही बाजारात आणले होते.

गंमत अशी, की हा बनाव ओळखायला इतिहासकार असण्याची गरज नव्हती. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते. राज्याभिषेक व्हायला अजून चौतीस वर्षे होती. मग हे 'मराठा साम्राज्य' आले कोठून? डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. गोव्यात पोर्तुगीजांच्या हाती तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हाच काय तो मुलूख होता. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके 'नव्या काबिजादी' म्हणून त्यांच्याकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे तर १७८८ मध्ये. खुद्द पोर्तुगाल १ डिसेंबर १६४० रोजी साठ वर्षांच्या स्पॅनिश अमलातून मोकळे होत होते आणि त्याच सुमारास डच जहाजे मांडवीच्या तोंडाशी गोव्याची नाकेबंदी करत होती. गोव्यातल्या शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे दोन प्रश्न विचारले असते, तरी ही लढाई कोसळली असती.

मग ती टिकली कशी? तिच्याखाली संदर्भ होते म्हणून. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, पान, सगळे जिथल्या तिथे. ज्यांनी लेख तपासला त्यांनी संदर्भ आहेत की नाहीत हे पाहिले. ते खरे आहेत का, हे पाहिले नाही. विद्यापीठांत संदर्भलेखन शिकवताना आजही बहुतेक ठिकाणी हेच घडते. स्वल्पविराम कुठे, पुस्तकाचे नाव तिरक्या अक्षरांत की ठळक, साल कंसात की शेवटी, यावर गुण कापले जातात. त्या पानावर ते वाक्य खरोखर आहे का, हे उघडून पाहणारा परीक्षक विरळा.

पदवीच्या वर्गातला कुठलाही प्रोजेक्ट घ्या. प्लास्टिकचे कव्हर, स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह, दुसऱ्यावर ऋणनिर्देश. मधली पंचवीस पाने कॉपी-पेस्टची, त्यात एका परिच्छेदाचा फाँट दुसऱ्याला जुळत नाही. शेवटच्या पानावर 'संदर्भ' या शीर्षकाखाली चार ओळी: गूगल, विकिपीडिया, मार्गदर्शक शिक्षक, आई-बाबा. यावर हसणे सोपे आहे. पण या मुलाने निदान खरे सांगितले आहे. त्याने माहिती खरेच तिथून घेतली आहे. पुढे एम.ए.ला गेल्यावर तोच मुलगा 'गूगल' खोडून न पाहिलेल्या सात पुस्तकांची नावे लिहायला शिकतो आणि त्याला संशोधन आले असे आपण समजतो. खरे तर तो डिचोलीच्या लढाईच्या दिशेने एक पाऊल पुढे गेलेला असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा. चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. नियम हवेतच, दुसऱ्याचा अख्खा प्रबंध उचलून आपल्या नावावर खपवणाऱ्यांना त्यांनी थोडा तरी धाक बसवला. पण त्यामुळे संशोधनाची सगळी नैतिकता एका टक्केवारीत जाऊन बसली. 'सर, माझे आठ टक्केच आले' हे वाक्य विद्यार्थी रक्तातली साखर सांगावी तसे सांगतो. सॉफ्टवेअर जुळणी मोजते, आणि तीही त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशी. तिथे कधी चढलेच नाही असे जुने मराठी पुस्तक उतरवून काढले, तर त्याला पत्ता लागणार नाही. आणि डिचोलीची लढाई? ती तर कोणाचीच नक्कल नव्हती. पूर्णपणे मनची, म्हणून पूर्णपणे मूळ. या चाळणीतून ती सन्मानाने पार पडली असती.

संदर्भ म्हणजे पत्ता. आभार मानण्याची ती रीत नव्हे आणि विद्वत्तेचा दागिना तर नव्हेच. वाचकाला लेखकाच्या शब्दावर विसंबून न राहता त्याच जागी स्वतः जाता यावे, यासाठी तो लिहायचा. म्हणून आवृत्ती लिहायची, कारण दुसऱ्या आवृत्तीत पान बदलते. म्हणून पान लिहायचे, कारण पाचशे पानांच्या पुस्तकाचे नुसते नाव देणे म्हणजे 'तो पणजीत राहतो' असे सांगण्यासारखे आहे. असा पत्ता काटेकोर लिहिणारा माणूस डिचोलीच्या शेजारीच जन्माला आला होता.

सत्तरी तालुक्यातले पिसुर्ले गाव डिचोलीच्या हद्दीजवळ आहे. तिथले पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४-१९६९) गोव्याच्या पुराभिलेखागाराचे अनेक वर्षे प्रमुख होते. या दप्तराची सुरुवात १५९५ची; दियोगो दो कौतो हा त्याचा पहिला रखवालदार. त्यातले कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, की शाईतल्या लोहाने अक्षरांच्या जागी कागद खाऊन टाकलेला असतो. कित्येक पाने जाळीसारखी दिसतात. पिसुर्लेकरांनी हे कागद वाचले, गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकांच्या नोंदी पाच खंडांत छापल्या आणि १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताच्या दप्तरांची एक मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. कोणत्या दालनात कोणता संग्रह आहे, त्यात कोणत्या काळाचे कागद आहेत, याचा तो नकाशा. आपल्याला जे सापडले ते दुसऱ्यालाही सापडावे, इतक्यासाठी पुस्तक लिहिणारा संशोधक मनाने मोठा असावा लागतो. पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ काढला. त्यांचा खासगी ग्रंथसंग्रह आज ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. विकिपीडियावरची लढाई खरी की खोटी, हे ठरवायला जगात याहून चांगली जागा नव्हती. पाच वर्षांत तिकडे कोणी पाहिले नाही.

संदर्भ तपासणे म्हणजे काय, हे डिचोली तालुक्यातच दगडावर दाखवता येते. नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी बांधले, हे गोव्यात लहान मुलालाही माहीत आहे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आला. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी अशी मिती आहे, म्हणजे इसवी सन १६६८. पण लेखातला शेवटचा शब्द नीट पाहिला पाहिजे. तो आहे 'प्रारंभ'. देवालयाच्या कामाला त्या दिवशी आरंभ झाला, एवढेच दगड सांगतो. काम कधी पुरे झाले, हे तो सांगत नाही. भाषणांत, फलकांवर आणि शाळकरी निबंधांत मात्र '१६६८ मध्ये मंदिर बांधून पूर्ण केले' असे बिनदिक्कत येते. फरक एका शब्दाचा, पण मूळ पाहिलेला आणि न पाहिलेला माणूस त्या एका शब्दावर ओळखू येतो.

तारखांचेही तेच. पोर्तुगालने नवी ग्रेगोरियन कालगणना १५८२ मध्येच घेतली. इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच वापरत राहिले. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात एका तारखेला दिसते आणि सुरतेच्या किंवा कारवारच्या इंग्रजी वखारीच्या पत्रात दहा दिवस आधी. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या गणनेची. नव्या गणनेने ती १ मार्च येते. ज्याने तळटीपेत 'इंग्रजी पत्र' की 'पोर्तुगीज पत्र' एवढे लिहिले त्याने वाचकाचा घोटाळा वाचवला. ज्याने नुसते 'समकालीन कागदपत्रांनुसार' असे लिहून मोठेपणा मिळवला, त्याने दहा दिवस कुठेतरी हरवून टाकले.

खोट्या लढाईची सर्वांत मोठी चीड येते ती वेगळ्याच कारणाने. डिचोलीचा खरा इतिहास तिच्याहून कितीतरी सुरस आहे. औरंगजेबाचा मुलगा शाहजादा अकबर १६८१ मध्ये बापाविरुद्ध उठला आणि संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम डिचोलीत होता. गोव्याच्या पोर्तुगीजांशी त्याच्या वाटाघाटी चालल्या होत्या. दिल्लीच्या तख्तावर डोळा असलेला मोगल राजपुत्र डिचोलीच्या पावसात दिवस मोजत बसला आहे, हे चित्र कोणत्या कादंबरीकाराला सुचले असते? डिचोलीतला नमाझगाह त्याच काळातला आहे असे गावात सांगतात. हे 'गावात सांगतात' म्हणूनच लिहायचे. परंपरा ही परंपरा म्हणून लिहिली की ती पुरावाच असते: लोक काय मानतात, याचा पुरावा. तिला दस्तऐवजाचा अंगरखा चढवला की ती खोटी पडते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्याकडे ज्ञान गुरुमुखातून येत होते, तिथे कोणी पान क्रमांक विचारत नव्हते. आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण मराठीला तो लागू पडत नाही. संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली. ती भक्ताची सही तर होतीच, पण हे बोल कोणाचे याची नोंदही होती. म्हणूनच पुढे 'तुका म्हणे' लावून स्वतःचे अभंग तुकोबांच्या गाथ्यात सरकवणारे निघाले आणि क्षेपक कोणते, अस्सल कोणते, हे ठरवण्यात मराठी अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पाठ बिघडले होते म्हणून प्रती पाहून ते दुरुस्त केले, हे त्यांनी सालासकट नोंदवून ठेवले आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घुसडू नये, असे कडक शब्दांत बजावले. संपादकाचे टिपण याहून वेगळे काय असते? उलट आजच पु. ल. आणि व. पु. यांच्या नावावर रोज सकाळी मोबाइलवर काय काय फिरते, ते पाहिले की वाटते, परंपरा त्या काळी होती आणि ती मोडली आपण.

पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते संत सोहिरोबानाथ आंबिये हे याच परंपरेतले. पेडण्यातल्या मुलाला संदर्भाचे महत्त्व सांगायला संदर्भलेखनाच्या शिकागो नियमावलीपासून सुरुवात करायची गरज नाही. सोहिरोबानाथांचे एखादे पद घ्यावे, ते गावात गातात तसे उतरवावे, मग छापील संग्रहात पाहावे आणि दोन्हींत फरक कुठे पडला ते लिहून काढावे. पाठभेद म्हणजे काय, हे त्याला तासाभरात कळेल.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला सहज उत्तर नाही. पेडण्याच्या मुलाने ग्रंथालय गाठायचे कसे? पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून ताळगाव. बस बदलत जाण्यायेण्यात दिवस संपतो. पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा वारसा १८३२ पर्यंत मागे जातो, पण तालुक्यातल्या मुलाला तो फारसा उपयोगी पडत नाही. आणि तिथे पोहोचला तरी पुढ्यात येणार पोर्तुगीज. १९६१ नंतरच्या पिढ्यांतले पोर्तुगीज वाचणारे कमी झाले, मोडी वाचणारे त्याहून कमी. आपल्याच तालुक्याचा इतिहास आपल्याला न येणाऱ्या दोन लिपी-भाषांत बंद आहे.

अशा वेळी मुले काय करतात? पिसुर्लेकरांच्या मराठी पुस्तकात वाचतात आणि तळटीप देतात थेट पोर्तुगीज दप्तराची, जणू ती पाने स्वतः उलटली. ही चोरी नव्हे, पण ही थाप आहे. 'अमुक कागद, पिसुर्लेकरांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असे लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. उलट पिसुर्लेकरांच्या वाचनात एखादी चूक असेल, तर ती कुठे शिरली हे पुढच्याला कळते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले असे सांगायला लाज वाटणे, हा आपल्या उच्च शिक्षणाचा जुना आजार आहे. मार्गदर्शकांनीही तो वाढवला, कारण त्यांना लांबलचक संदर्भसूची आवडते.

पेडण्यात तर पुस्तकांपलीकडचा मोठा संदर्भसाठा माणसांत आहे. दशावतारी मंडळातला म्हातारा संकासुराची आख्यायिका सांगतो, आजी धालोची गीते म्हणते, देवस्थानचा मानकरी कोणाचा मान कधीपासून हे बोटांवर मोजतो. विद्यार्थी हे सगळे फोनवर रेकॉर्ड करतो आणि प्रोजेक्टमध्ये लिहितो, 'जाणकारांच्या मते'. हे जाणकार कोण? 'जाणकार' हा मराठी संशोधनातला सर्वांत मोठा फरारी इसम आहे. ज्याने सांगितले त्याच्या परवानगीने त्याचे नाव, गाव, वय, मुलाखतीची तारीख लिहिली, की तोच मजकूर वीस वर्षांनी दुसऱ्याला वापरता येतो. नाव द्यायची त्याची इच्छा नसेल, तर तसे लिहावे, पण गाव आणि दिवस लिहावाच. आजीचे गीत घेऊन पदवी मिळवायची आणि सूचीत आजीला जागा नाही, ही चोरी कुठल्याही सॉफ्टवेअरला पकडता येणार नाही.

आता तर नसलेली पुस्तके तयार करायला खोडकर माणूसही लागत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले न्यायालयात जसेच्या तसे सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. यंत्राने दिलेला दाखला दिसायला अचूक असतो: पक्षकारांची नावे, साल, पान, सारे शिस्तीत. डिचोलीच्या लढाईलाही हेच रूप होते. तेव्हा ती रचायला कोणाला तरी रात्री जागवाव्या लागल्या असतील. आज एका ओळीच्या प्रश्नावर तशा दहा लढाया मिळतील.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशनातील नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. उशीर झाला आहे. वयाच्या पंचविशीत माणूस सवयी शिकत नाही, लपवायला शिकतो. हे काम पदवीच्या पहिल्या सत्रातच व्हायला हवे, आणि ते भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाने ग्रंथपालासोबत करायला हवे. आपल्याकडे ग्रंथपालाला पुस्तके देण्या-घेण्याचा कारकून समजतात; शोध कसा घ्यावा हे शिकवायला महाविद्यालयात त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नसतो. त्यासाठी पाठ्यपुस्तक नको. 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट'ची गोष्ट मुलांना सांगावी आणि प्रत्येकाच्या हाती एकेक तळटीप द्यावी, काही खऱ्या, काही बनावट. तालिकेत शोधा, पुस्तक काढा, पान उघडा, वाक्य आहे का पाहा. ज्याला पुस्तक मिळणार नाही त्याने 'मिळाले नाही' असे लिहावे आणि त्यालाही पूर्ण गुण द्यावेत.

साखळी आणि डिचोलीच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी तर येत्या सत्रात एक तास नार्व्याला घ्यावा. दारावरची अक्षरे मुलांना स्वतः वाचू द्यावीत आणि शेवटचा शब्द कोणता, ते विचारावे. जाताना प्रत्येकाने वही न्यावी, आणि लेख उतरवून घेतल्यावर त्याखाली आपण तो कोणत्या दिवशी पाहिला, ती तारीख लिहावी.